वाचक विचारतात : अलिबाग, किनारा सोडून

प्रश्न : फेब्रुवारीत दोन दिवस अलिबागला जायचे आहे. सोबत आई आहे, वय ६८. रिसॉर्टमध्ये बसून राहायचे नाही. कुलाबा किल्ला चालत बघता येतो म्हणतात, पण मागच्या वेळी दिवसभर पाणी ओसरलेच नाही. असे का झाले? किल्ल्याशिवाय गावात काय बघावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही बहुधा अष्टमीच्या आसपास गेला असाल. त्या दिवसांत भांग असते. भरती चढत नाही तशी ओहोटीही पुरती उतरत नाही, आणि वाटेत पाणी राहते. म्हणून सुट्टी ठरवताना वाराआधी तिथी बघा.

कोकणातला हिशेब सोपा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. तृतीया असेल तर तीनाची पाऊणपट सव्वादोन. पहाटे सव्वादोनला भरती, म्हणजे सुमारे सहा तासांनी, सव्वाआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया ते चतुर्थी हे दिवस धरा. उधाणामुळे पाणी लांबवर हटते आणि ओहोटीही सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान, ऊन चढायच्या आत मिळते. हा हिशेब अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, त्यामुळे आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना किंवा घोडागाडीवाल्यांना विचाराच.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि ती वेळ उलटल्यावर तासाभरात परत फिरा. लोक अडकतात ते परतताना. किल्ल्याच्या दाराशी खडक कोरडा दिसतो, पण तोवर वाटेतला सखल भाग भरू लागलेला असतो. खडकांवर शेवाळ असते आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या धारेने तळवा कापतो, तेव्हा अनवाणी किंवा साध्या चपलेत नको; मागे पट्टा असलेली सँडल घाला. आईंसाठी घोडागाडी करा.

आत गेल्यावर तटाचे दगड जवळून बघा. मोठमोठे चिरे चुना न भरता नुसते एकावर एक रचले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरते, तिचा जोर तिथेच मोडतो. बांधकामातली ही समज बघण्यासाठीच किल्ल्याला जावे, असे आमचे मत आहे. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आणि राघोजी आंग्र्यांनी १७५९मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा आहेत.

गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी (निधन १७२९) आणि इस्रायल आळीतले मागेन आबोथ हे बेने इस्रायलांचे, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचे, सिनेगॉग, दोन्ही पायी बघता येतात. हिराकोट हा छोटा किल्ला बाहेरूनच बघावा लागतो, आत तुरुंग आहे. चुंबकीय वेधशाळा मात्र चुकवू नका, आत जाण्याबद्दल आधी विचारणा करा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या कुलाबा भागातल्या वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या, म्हणून १९०४मध्ये ते काम इथे हलवले.

दुसरा दिवस चौल-रेवदंड्याला द्या. रामेश्वर मंदिर आणि त्याची पुष्करणी, मग रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट. खाडीपलीकडच्या कोर्लई गावात आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात.

प्रश्न : अलिबागचा पांढरा कांदा अस्सल कसा ओळखावा?

उत्तर : भातकापणीनंतर, जमिनीत उरलेल्या ओलीवर हा कांदा घेतात, म्हणून नवा माल साधारण फेब्रुवारीपासून येतो. त्याआधी ‘नवा’ म्हणून मिळणारा पांढरा कांदा बहुधा बाहेरचा. इथला कांदा पातीसह वेणी घातलेल्या माळेत विकतात. एक कापून चाखा : चव गोडसर, तिखटपणा नावाला, डोळ्यांना पाणी जवळजवळ नाही. २०२२मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. माळ घरी नेल्यावर पिशवीत कोंबू नका, वारा खेळेल अशा सावलीत टांगा. कोंडला की आधी मान मऊ पडते, मग आतून सडतो.