उताराची भिंत आधी, अंगणातली बैठक नंतर

अंबाजोगाईहून एका ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षकांनी विचारलंय. घरामागे ४० बाय ३० फुटांची जागा आहे, पण घरापासून मागच्या ओढ्याकडे पाच फूट उतार. तिथं भिंत, भराई, पायऱ्या, पेव्हर ब्लॉक, पत्र्याचं शेड, चुलीचा ओटा, बाकडी, दिवे असं सगळं करायचंय. ठेकेदाराचं ऑगस्टमधलं कोटेशन ६,४०,००० रुपयांचं. बँक गृहकर्जावर साडेनऊ टक्क्यांनी टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, द्यायला तयार आहे. नाहीतर मुलाच्या शिक्षणासाठी जमवलेले सात लाखांचे इक्विटी फंड मोडायचे. हातात येणारा पगार ९२,०००, त्यातून हप्ता २१,०००, घरखर्च ४८,००० आणि एसआयपी ८,०००. एफडी पाच लाखांची. मुलगा बारावीत. आणि शेवटी प्रश्न: ‘घराची किंमत वाढेल, मग ही गुंतवणूकच झाली ना?’

नमस्कार सर,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नाही, ही गुंतवणूक नाही. उद्या घर विकायला काढलंत तर येणारा माणूस रस्ता बघेल, बोअरला पाणी किती ते विचारेल, कागदपत्रं तपासेल. पेव्हर ब्लॉक आणि बाकड्यांचे वेगळे पैसे तो मोजणार नाही. हौस म्हणून जरूर करा, हौसेला माझी ना नाही. पण मग ती हौसेच्या पैशातून व्हावी.

तुमच्या कोटेशनमध्ये मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकाच बेरजेत बसल्यात. भिंत, भराई आणि पायऱ्या २,७५,०००. पेव्हर १,४०,०००, शेड १,३५,०००, ओटा-बाकडी-दिवे ९०,०००. तुम्ही सहज लिहून गेलात की सप्टेंबर २०२५ च्या पावसात मागची कड दोन हात खचली. त्या महिन्यात अतिवृष्टीने मराठवाड्यात काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हणून पहिले पावणेतीन लाख मी हौसेत धरत नाही, ते घराच्या पायासाठी आहेत. उरलेले ३,६५,००० थांबू शकतात.

थांबण्यात तोटा तर नाहीच, उलट फायदा आहे. नवी भराई एक पावसाळा खाल्ल्याशिवाय बसत नाही. मी स्वतः पोळलोय. लातूरच्या घरी मे महिन्यात भराई करून आठवड्याभरात वर पेव्हर बसवून घेतले. जुलैत मधोमध परातीएवढा खळगा पडला, त्यात पाणी साचायचं, आणि खुर्ची ठेवली की एक पाय हमखास खाली. ठेकेदार म्हणाला, ‘जमीन दबली, आमचं काम पक्कं होतं.’ पेव्हर उचलून पुन्हा बसवायची मजुरी अर्थातच माझी.

आता भिंतीकडे येऊ, कारण पैसे तिथंच वाचणार आहेत. ठेकेदार कडेला एकच पाच फुटी भिंत घालून सगळी जागा सपाट करतोय. त्या भराईचा हिशेब करा: ३० फूट लांबी, पाच फूट उंची, त्याचं निम्मं, गुणिले ४० फूट रुंदी. ३,००० घनफूट, म्हणजे ३० ब्रास. त्याऐवजी १५-१५ फुटांचे दोन टप्पे करून अडीच-अडीच फुटांच्या दोन भिंती घातल्या तर भराई १५ ब्रासवर येते. चोपून बसताना दोन्हीकडे थोडं जास्त लागेल, पण प्रमाण तेच राहील. शिवाय भिंतीची उंची दुप्पट झाली की तिच्यावरचा मातीचा रेटा चौपट होतो, त्यामुळे बुटक्या भिंती हलक्या बांधूनही टिकतात. इंजिनिअरकडून एक साधं ड्रॉइंग करून घ्या. त्याची फी भराईच्या वाचलेल्या मुरुमातच वसूल होईल. मी हा भाग २,२५,००० धरून चाललोय.

कोटेशनमध्ये एक ओळ आहे: ‘माती भराई, लमसम’. कोणती माती? आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दरवर्षी भिंतीला ढकलत राहते. भिंतीमागे मुरूमच हवा, आणि पाया काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत गेलेला हवा. भिंतीला लागून खडीचा थर आणि भिंतीतून पाणी बाहेर काढणारे पाईप कोटेशनमध्ये दिसत नाहीत, ते लिहून घ्या. अशी भिंत पडते ती बहुतेक वेळा मागे अडलेल्या पाण्याने. आणखी एक, सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. ऑगस्टचा दर तसाच चालवून घेऊ नका.

टॉप-अपचं गणित असं: ६,४०,००० दहा वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ८,२८० आणि नुसतं व्याज साडेतीन लाखांच्या वर. बँकेतले साहेब ‘करात सूट मिळते’ म्हणाले, पण तुम्ही नवी करप्रणाली घेतलीय. तिच्यात राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजाला वजावट नाही. जुनीत असती तरी दुरुस्ती-नूतनीकरणाच्या कर्जासाठी मर्यादा वर्षाला ३०,००० रुपयेच.

फंडांना हात लावू नका असं मी म्हणणार, हे तुम्हाला अपेक्षित असेल. खरं तर हात लावा, पण अंगणासाठी नव्हे. पुढच्या जूनमध्ये मुलाची पहिली फी भरायची आहे. तेवढी रक्कम आताच इक्विटीतून काढून बँकेत ठेवा. ऐन प्रवेशाच्या वेळी बाजार पडला तर तुम्हाला थांबायला जागा नाही.

मग भिंतीचे पैसे? सगळं जाऊन तुमच्याकडे महिन्याला १५,००० उरतात. नोव्हेंबर ते मार्च ७५,००० होतील. दीड लाख एफडीतून घ्या. साडेतीन लाख उरतात, म्हणजे हप्ता धरून पाच महिन्यांचा खर्च. तुमचा पगार पक्का आहे, तेवढं चालेल. मुदतीआधी मोडल्यावर थोडं व्याज कापतील, ते कर्जाच्या व्याजापुढे काहीच नाही. काम फेब्रुवारीअखेर सुरू करा, पैसे टप्प्याटप्प्याने द्या. एप्रिल-मेपर्यंत ढकललंत तर बांधकामावर मारायला पाणी टँकरचं घ्यावं लागेल, आणि तो खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.

एप्रिलपासूनची शिल्लक दहा महिने एफडीत परत. त्यानंतरच्या पाच महिन्यांत वरच्या टप्प्यापुरते पेव्हर होतील, साधारण ७०,०००. खालचा टप्पा मोकळाच ठेवा, पाणी जिरायला जागा हवी. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर तुमच्या जागेवर साडेपाच हजार लिटर पाणी पडतं. सगळीकडे पेव्हर ठोकलेत तर ते एकदम ओढ्याकडे सुटेल, आणि मे महिन्यात तुम्ही पुन्हा बोअरकडे बघत बसाल.

शेड मी यादीतून खोडलंय. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली पापड भाजतील, माणसं बसणार नाहीत. चार जीआय पाईप, वर तार आणि मधुमालतीचे दोन वेल एवढं पुरे. ते पाईप भिंतीच्या कामातच रोवून घ्या, वेल जूनमध्ये लावा. पेव्हर येईपर्यंत मुरूम नीट चोपून वर सडा टाकला की संध्याकाळी बाज टाकून बसता येतं. वहिनींना चूल हवी आहे ना? तीन दगडांना कोटेशन लागत नाही.