विद्यापीठातल्या संशोधनाचा खेड्यातल्या माणसाला खरंच काही फायदा होतो का?

होतो, फक्त तो 'संशोधन' म्हणून ओळखू येत नाही. आमच्या वऱ्हाडातली पीकेव्ही मिनी दालमिल घ्या. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं, म्हणजे 'पीकेव्ही'नं, ती तयार केली. नाहीतर तूर निघाली की थेट बाजार समितीत, अन् घरी लागणारी डाळ किराणा दुकानातून चढ्या भावानं. मिल असली की गावातच तुरीला ओरखडे पाडून, तेलपाणी लावून, उन्हात वाळवून डाळ काढता येते. बायांचे बचत गटही हा धंदा करतात. डाळीचा पैसा गावात राहतो, चुनी, म्हणजे उरलेला डाळीचा चुरा, गुरांना होते.

सगळं ज्ञान विद्यापीठातूनच येतं असं मात्र नाही. एचएमटी हे धानाचं वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडेंनी १९८३ च्या सुमारास स्वतःच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, निवडलं. पुढे याच विद्यापीठानं त्यावरून 'पीकेव्ही एचएमटी' वाण आणलं. वाण दूरवर पोचलं, पण दादाजींना हवं तसं श्रेय मिळालं नाही, असं माझं मत.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर विद्यापीठाच्या शिवारफेरीला जा. तिथं पिकं शेतात उभी दिसतात अन् शास्त्रज्ञांना तोंडावर प्रश्न विचारता येतात.