मध्ययुगातला चर्चशी जोडलेला एखादा संघ, म्हणजे गिल्ड, आजही चालू आहे का? आणि तो करतो काय?

हो, आहे. इटलीतल्या फ्लॉरेन्सची 'मिझेरिकॉर्दिया' ही संस्था परंपरेनुसार 1244 सालची, आणि आज तिचे स्वयंसेवक चक्क अँब्युलन्स चालवतात. कार्यालय शहराच्या मुख्य कॅथेड्रलसमोरच्या चौकातच आहे, त्यामुळे तिथे फिरायला गेलेल्यांना तिच्या गाड्या सहज दिसतात. मूळ काम आजाऱ्याला उचलून नेणं आणि बेवारशी मृतांना मूठमाती देणं, प्लेगच्या साथींतसुद्धा. सभासद काळा झगा घालून चेहरा झाकत, म्हणजे मदत कोणी केली ते कळू नये. डोली गेली, गाडी आली; काम फारसं बदललं नाही, हे मला विशेष वाटतं. याच नावाची आणि धर्तीची संस्था लिस्बनमध्ये 1498 साली निघाली, आणि पोर्तुगीजांबरोबर तिचं रूप गोव्यातही पोचलं.

एक मात्र लक्षात घ्या: याला गिल्ड म्हणणं थोडं सैल आहे. गिल्ड म्हणजे सुतार, विणकर, व्यापारी यांचे धंद्याचे संघ. ही धर्मकार्यासाठी एकत्र आलेल्या सामान्य भाविकांची मंडळी, निव्वळ पाद्र्यांची नव्हे.