‘तेव्हा सुचलं, मग आता का सुचत नाही?’

“ती कथा एका बैठकीत उतरली होती. आता तासन्‌तास बसते, एक ओळ धड लिहून होत नाही. माझ्यातलं लिहिणं संपलं का?”

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या लेखिकेची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिची एक कथा वाचकांनी उचलून धरली होती. त्यानंतरचं सगळं तिला फिकं वाटे आणि ती ते अर्ध्यावरच फाडून टाके.

आधी मी झोप, भूक आणि इतर गोष्टींतला रस याबद्दल विचारलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ सगळ्यातूनच मन उडालं असेल, तर नैराश्याची शंका घ्यावी लागते. तिचं तसं नव्हतं. अडलं होतं ते फक्त लिहिणं.

मग मी ‘एका बैठकीत’ उतरलेल्या कथेच्या आधीचे दिवस विचारले. बोलता बोलता एक जुनी वही निघाली. त्याच पात्राबद्दल तिने कितीतरी महिने तुकडे लिहून ठेवले होते. ते लिखाण तिने कधी हिशेबात धरलंच नव्हतं! ब्रिटिश विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६मध्ये सर्जनाचे टप्पे मांडले: तयारी, मनात मुरणं, अचानक उजळणं आणि मग पडताळणी. आपल्या लक्षात राहतं ते फक्त उजळणं.

तिला मी एक काम दिलं. रोज अर्धा तास लिहायचं, पानामागे त्या दिवशीची मनःस्थिती एका शब्दात नोंदवायची. फाडायचं नाही, आधीची पानं वाचायची नाहीत. महिन्याभराने आम्ही पानांचा क्रम उलटसुलट केला आणि मागची नोंद न पाहता तिने पानं माझ्यासमोर वाचली. एका पानावर एक आजारी म्हातारा रोज रात्री उशाचं घड्याळ पाच मिनिटं पुढे करतो. “हे छान जमलंय,” ती म्हणाली. मागे लिहिलं होतं ‘कोरडं’. ‘भरभरून’ अशी नोंद असलेलं एक पान मात्र नुसत्या विशेषणांनी भरलेलं निघालं. अर्थात कोरड्या दिवसांची बरीच पानं खरोखरच कोरडी होती, हेही सांगायला हवं. पण लिहिताना कसं वाटतं यावरून पानाचा कस ठरत नाही, हे तिने स्वतः पाहिलं.

मानसशास्त्रज्ञ डीन कीथ सायमंटन यांनी सर्जनशील माणसांच्या आयुष्यभराच्या कामाचा अभ्यास केला. त्यांचं निरीक्षण असं, की उत्तम कृती बहुधा जास्त काम झालेल्या काळातच सापडतात, आणि फसलेल्या कृतीही त्याच काळात जास्त असतात. म्हणूनच फाडण्याची तिची सवय मला न सुचण्यापेक्षा जास्त घातक वाटत होती.

सध्या ती त्या म्हाताऱ्यावर लिहिते आहे. “ही कथा पहिलीइतकी चांगली होईल ना?” असं तिने मागच्या भेटीत विचारलं. तशी खात्री मी देऊ शकत नाही, असं मी सांगितलं. पुढच्या भेटीला ती आणखी पानं घेऊन येणार आहे.