यात्रेआधी एकदा संकट खेळून पाहा

बापू, यात्रेची व्यवस्था यंदा तुझ्याकडे आली. मंडप, लाइट, पाणी तू बघशीलच, पण माझं एक ऐक. महिनाभर आधी ग्रामपंचायतीच्या सभागृहात पोलीस पाटील, वायरमन, आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि स्वयंसेवक यांना एकत्र बसव. फरशीवर खडूनं मैदान काढ, माणसांच्या जागी तुरीचे दाणे ठेव. मग चिठ्ठी उघड: ‘सायंकाळी ७. लाइट गेली. सिलिंडर फुटल्याची ओरड.’ आता माइकवर कोण बोलणार? जनरेटर कोण सुरू करणार? उत्तराला अर्धा मिनिट, जास्त नाही. चिठ्ठ्या आधी कुणालाच दाखवू नको, अध्यक्षांनाही नाही.

आमच्या पहिल्या सरावात सगळे दाणे मागच्या फाटकाकडे सरकवले, तेव्हा कळलं की कुलपाची किल्ली महाप्रसाद वाढणाऱ्याच्या खिशात असते. त्या रात्री मला झोप लागली नाही. १९९४ साली नागपुरात चेंगराचेंगरीत ११४ गोवारी बांधव गेले, ते आमच्या पिढीला विसरता येत नाही.

एका चौरस मीटरात पाचाहून जास्त माणसं झाली की माणूस आपल्या मनानं चालत नाही, गर्दीच त्याला नेते. म्हणून आत सोडणं कधी थांबवायचं हे एकाच माणसानं ठरवावं, आणि समितीनं सर्वांसमोर त्याला तो अधिकार द्यावा.

मग मैदानात जा. दुकानं लागल्यावरही १०८ची गाडी मंडपापर्यंत येते का? एकाला स्ट्रेचरवर झोपवून घड्याळ लाव. चुकलेलं त्याच संध्याकाळी वहीत लिही. दुरुस्ती झाली की आठवड्यानं तीच चिठ्ठी पुन्हा काढ.