संगीत, चित्रकला आणि संसार: तिन्ही आयुष्यभर सांभाळता येतात का?

आपण लिहिले आहे की आपले वय ३४ आहे, घरात दोन वर्षांचे मूल आहे, गाण्याचे शिक्षण आणि चित्रकला दोन्ही चालू आहेत, आणि आता घरातील वडीलधारी मंडळी सांगत आहेत की यांतले एक काहीतरी सोडावेच लागेल. मी ७७ वर्षांची आहे. ख्यालगायन शिकण्यात आणि शिकवण्यात माझी ६० वर्षे गेली, जवळजवळ तितकीच वर्षे मी चित्रे काढते आहे, आणि तीन मुले वाढवली आहेत. माझ्या अनुभवाप्रमाणे सोडावे काहीच लागत नाही. तिन्हींना एकच माप लावण्याचा हट्ट मात्र सोडावा लागतो.

गळ्याला खाडा खपत नाही. चार दिवस खर्ज भरला नाही, म्हणजे पहाटे खालचे स्वर लांबवून घोटले नाहीत, तर पाचव्या दिवशी मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम डळमळतो, आणि तो पुन्हा स्थिर होण्यास आठवडा जातो, कारण आपले वाद्य म्हणजे आपले शरीरच असते आणि ते पेटीत बंद करून ठेवता येत नाही. म्हणून मुले लहान असताना मी रियाजाची वेळ तासांवरून अर्ध्या तासावर आणली, पण तो अर्धा तास पहाटेचाच आणि रोजचाच ठेवला. त्या काळात नवे राग फारसे घेतले नाहीत. भूप या एकाच रागाची बढत, म्हणजे स्वरास्वराने केलेला विस्तार, दोन वर्षे केली, आणि त्याचा मला पुढे फार उपयोग झाला.

चित्राचे तसे नाही. जवसाच्या तेलात घोटलेला रंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तो हवेतला प्राणवायू घेत हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे एका थरानंतर कित्येक दिवस थांबणे हा तैलचित्राच्या कामाचाच भाग आहे. मूल आजारी पडले म्हणून कॅनव्हास तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून राहिला तरी त्याचे काही बिघडत नाही, उलट परतून पाहताना चूक चटकन दिसते. रवींद्रनाथ ठाकुरांनी दोन हजारांहून अधिक गीते रचली, पण ते गंभीरपणे चित्रे काढू लागले साठी ओलांडल्यावर, आणि त्यांचे पहिले प्रदर्शन १९३० साली पॅरिसमध्ये भरले. जलरंग मात्र थांबत नाही. ओला वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाचा पातळ थर, टाकल्यावरची दहा मिनिटे अखंड हवी असतात, आणि नेमकी तेव्हाच हाक येते; धाकटा मुलगा शाळेत जाऊ लागेपर्यंत मी मोठ्या आकाराचे जलरंग बाजूला ठेवले होते.

आपण न विचारलेला एक प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो: आपल्या रियाजाचा तो अर्धा तास घरातले कोण भरून काढते? पाउल क्ले या चित्रकाराचे उदाहरण मला नेहमी आठवते. त्यांचे वडील संगीतशिक्षक होते, ते स्वतः बर्नच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत असत, आणि १९०६ साली त्यांनी लिली श्टुंप्फ या पियानोवादिकेशी विवाह केला. पुढच्या वर्षी मुलगा झाला, तेव्हा म्यूनिकमध्ये लिली पियानोच्या शिकवण्या करून घर चालवत होत्या आणि क्ले घरी राहून स्वयंपाक आणि मुलाचे संगोपन करत होते. मुलाच्या वाढीच्या बारीकसारीक नोंदी त्यांनी ठेवल्या, आणि पुढे त्याच्यासाठी हातात घालून नाचवायच्या कितीतरी बाहुल्या स्वतः बनवल्या. ते चित्रकार झाले यात लिलींच्या शिकवण्यांचा वाटा किती मोठा होता, हे सांगितल्याशिवाय ती गोष्ट पूर्ण होत नाही.

माझ्या बाबतीत तो वाटा सासूबाईंचा होता. पहाटे मी तानपुरा लावायला बसले की पाळण्यातल्या बाळाला त्या उचलून घेत, आणि त्यांनी एकदाही ते बोलून दाखवले नाही. मीही त्यांना धन्यवाद दिले नाहीत, कारण तेव्हा मला ते गृहीतच वाटत होते. आज ते फार सलते. आणखी एक सलणारी गोष्ट सांगते. माझ्या थोरल्या मुलीने तिच्या लग्नानंतर बोलता बोलता सांगितले की, तानपुऱ्याची पहिली तार छेडली की आता आईला हाक मारायची नाही, हे त्या तिघा भावंडांना कोणी न सांगता कळत असे. तिने ते तक्रार म्हणून सांगितले नव्हते, तरी मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण काही सांगायला दारापर्यंत येऊन माझी मुले किती वेळा परत फिरली असतील, हे आता मला कधीच कळणार नाही. तेव्हापासून लहान मुले असलेल्या माझ्या शिष्यांना मी दार उघडे ठेवून रियाज करायला सांगते. मूल आले तर त्याला मांडीवर घ्यावे आणि षड्ज, म्हणजे सा, चालू ठेवावा.

वयाचा परिणामही आपण आताच जाणून घ्यावा. माझा स्वर, म्हणजे ज्या पट्टीत मी गाते ती, पेटीच्या काळी चारवरून पन्नाशीत त्याहून खालच्या काळी तीनवर आला आणि आता काळी दोनवर स्थिरावला आहे; तानपुऱ्याच्या तारा बदलून जाड घ्याव्या लागल्या, द्रुत, म्हणजे जलद, ताना गेल्या, पण आलापीला, म्हणजे संथ स्वरविस्ताराला, पूर्वी नसलेला ठहराव आला. डोळ्यांचे वेगळे असते. मोतीबिंदूमुळे नेत्रभिंग पिवळे पडते आणि निळा प्रकाश अडवते, पण हे इतके हळूहळू घडते की चित्रकाराला स्वतःला कळत नाही. क्लोद मोने यांच्या डोळ्यावर १९२३ साली शस्त्रक्रिया झाली, त्याआधीच्या त्यांच्या चित्रांत तांबूस आणि तपकिरी छटा दाटलेल्या दिसतात. माझी शस्त्रक्रिया झाल्यावर मला कागद पुन्हा पांढराशुभ्र दिसला, आणि आधीच्या चार वर्षांच्या चित्रांत मी निळा रंग गरजेपेक्षा कितीतरी जास्त वापरला होता हे पाहून धक्का बसला. ती चित्रे मी दुरुस्त केली नाहीत.

दोन वर्षांचे मूल घरात असेपर्यंत टर्पेंटाइन, कॅडमियमचे रंग आणि शिशाचा पांढरा रंग घरात उघड्यावर ठेवू नका. ती वर्षे पेन्सिल आणि लहान वही पुरेशी असते. मूल झोपलेले असताना त्याचे हात, कान, मुठी काढा, कारण इतके निश्चल मॉडेल पुन्हा मिळत नाही. माझ्याकडे अशा नऊ वह्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येक पानांवर, झोपलेल्या बाळाच्या बाजूच्या कोऱ्या जागेत, त्या सकाळी घोकलेल्या पलट्यांचे, म्हणजे सरावाच्या स्वररचनांचे, स्वर लिहिलेले आहेत.