टॅली चालेल तोच लॅपटॉप

प्रश्न: मी इंदूरला सुदामा नगरात राहते. घरूनच दहा-बारा दुकानांचे हिशेब आणि जीएसटीची कामं करते, महिन्याला साधारण २२ हजार सुटतात. यजमान पीथमपूरला कॉन्ट्रॅक्टवर आहेत, घरखर्च ३५ हजार. माझा लॅपटॉप २०१७चा, सातव्या पिढीचा आय-थ्री, त्यात विंडोज १०. आता फार रखडतो. मुलगा यंदा बीसीएला गेला. तो म्हणतो मॅकबुक एअर घे, ९२ हजार, १२ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय, आठ वर्षं बघायला नको. बाजारात विंडोजवाला लॅपटॉप ५८ हजारांना सांगितला. तसाच विंडोज नसलेला ५० हजारांना. दुकानदार म्हणाला, "दीदी, विंडोज तो अपन डाल देंगे, पाँच सौ में." भाऊ म्हणतो खर्चच करू नकोस, जुन्यावर विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाक. यजमानांचे मित्र म्हणतात, कामासाठी घेतला तर टॅक्स वाचेल. आरडी सुटली तिचे ७० हजार हातात आहेत, शिवाय अडीनडीसाठी ६० हजारांची एफडी आहे. काय करू?

उत्तर: नमस्कार ताई,

तुम्हाला सल्ला देणारे बरेच आहेत आणि त्यांतलं कुणी अगदीच चुकीचं बोलत नाही. पण दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी, ही जीएसटीची दोन विवरणपत्रं; यांतला एकही फॉर्म त्यांच्यापैकी कुणाला भरायचा नाही, तुम्हाला भरायचा आहे. म्हणून किमतीचं नंतर बघू, आधी तुमचं काम काय मागतंय ते पाहू.

टॅलीप्राइम, म्हणजे तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, विंडोजवर चालतं. मॅकसाठी किंवा लिनक्ससाठी ते वेगळं निघत नाही. आडवळणानं चालवणारे आहेत, पण परक्याची खाती सांभाळणाऱ्यानं आडवळणाला जाऊ नये. दुसरी गोष्ट तुमच्या ड्रॉवरमध्ये असेल: क्लायंटच्या डिजिटल सहीचे ते पेनड्राइव्हसारखे टोकन. प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा, आणि विंडोजवरसुद्धा ते कधी कधी रुसतात. तिसरी गोष्ट मॅक्रोवाल्या, म्हणजे बटण दाबलं की आपोआप काम उरकणाऱ्या एक्सेल शीट. या तिन्ही गोष्टी तुमच्या २२ हजारांच्या मुळाशी आहेत. त्यामुळे तुमच्यासाठी निवड विंडोजचीच. मी स्वतः विंडोजचा भक्त वगैरे नाही, त्याच्या अवेळी होणाऱ्या अपडेट्सनी मलाही वैताग येतो. पण आवडनिवड आणि पोटापाण्याचं साधन यांत आपण गल्लत करायची नाही.

आता मुलाचं गणित. ते मी मुद्दाम मांडून पाहिलं. ९२ हजार भागिले आठ वर्षं, वर्षाला ११,५००. ५८ हजार भागिले पाच वर्षं, वर्षाला ११,६००. पोरगं बरोबर बोलतंय! मॅक टिकतो, जुना विकला तरी भाव बरा येतो, हेही खरं. अडचण अशी की अ‍ॅपलनं नोव्हेंबर २०२० पासून मॅकमध्ये स्वतःची चिप घालायला सुरुवात केली आणि त्या मशीनवर थेट विंडोज टाकायची जुनी सोय गेली. आता मॅकच्या आत विंडोज चालवायचं तर त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर टाका, वर विंडोजचं लायसन्स घ्या, आणि एवढं करून जे विंडोज चालतं ते एआरएम चिपसाठीचं, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडीहून वेगळ्या जातीच्या चिपसाठीचं. सहीच्या टोकनचा ड्रायव्हर त्यात चालेलच असं नाही. म्हणजे ९२ हजार देऊनही टॅलीसाठी जुना लॅपटॉप जवळ ठेवावाच लागेल. मग आठ वर्षांचा हिशेब कसला?

ईएमआयबद्दल दोन शब्द. नो-कॉस्टमध्ये व्याज असतंच, विक्रेता तेवढी रक्कम किमतीतून वळती करून देतो. १६ टक्के दर धरला तर ९२ हजारांवर १२ महिन्यांचं व्याज साडेसात हजारांच्या घरात जातं. ते वळतं होतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, साधारण १,३५० रुपये, तुमच्या कार्डावर पडतो, वर प्रोसेसिंग फी. ही रक्कम काही जीव घेणारी नाही. मला खुपतो तो हप्ता: महिन्याला ७,६६७ रुपये, म्हणजे तुमच्या कमाईचा तिसरा हिस्सा, तोही यजमान कॉन्ट्रॅक्टवर असताना. तुमची एफडी दोन महिन्यांचा घरखर्चसुद्धा पुरा करत नाही. अशा घरानं वर्षभराचा हप्ता गळ्यात घालू नये.

टॅक्सचं एका ओळीत: महिना २२ हजारांनी वर्षाचे होतात २ लाख ६४ हजार. नव्या कर पद्धतीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. मुळात शून्य असलेल्या करातून वाचणार काय? कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो हे खरं, पण तो ज्यांना कर भरावा लागतो त्यांच्या कामाचा. जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, तीही नोंदणी असलेल्यालाच, आणि तुमची उलाढाल पाहता तुमची नोंदणी नसणार. तेव्हा या मुद्द्यावर दहा रुपयेही जास्त खर्च करू नका.

राहिला पाचशे रुपयांचा विंडोज. यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटतच नाही. सरळ मार्गानं सुटं घेतलं तर विंडोज ११ होम दहा हजारांच्या आसपास पडतं. म्हणजे ५० अधिक १० झाले ६०, आणि ५८ चा सौदाच स्वस्त ठरला. पाचशेत जे मिळतं त्याची परीक्षा सोपी आहे. सेटिंग्समध्ये जाऊन सिस्टिम, मग अ‍ॅक्टिव्हेशन उघडा. तिथं तुमच्या ऑर्गनायझेशनच्या अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिसनं विंडोज सुरू झालंय अशा अर्थाचं वाक्य दिसलं, तर विचारा, सुदामा नगरातल्या घरात कुठली ऑर्गनायझेशन? मोठ्या कंपन्यांच्या आतल्या सोयीची ती नक्कल असते. ती ज्या जुगाडू प्रोग्रॅमनं करतात, तो चालवण्यासाठी बऱ्याचदा अँटिव्हायरस बंद करावा लागतो. त्याच मशीनवर तुमच्याकडे दहा-बारा दुकानदारांचे पॅन, जीएसटीचे पासवर्ड, बँकेची स्टेटमेंट. एकाचा जरी पासवर्ड बाहेर गेला तरी ते काम हातचं जाईल, आणि इंदुरात बाजारातली गोष्ट संध्याकाळपर्यंत सराफ्यात पोचते.

तेव्हा ५८ हजारवाला घ्या, आरडीच्या पैशांतून, रोख. घेताना काही गोष्टी बघा. रॅम १६ जीबी हवी. ८ वर आज भागेल, तीन वर्षांनी पुन्हा रखडेल. प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा. स्नॅपड्रॅगनवाले लॅपटॉप बॅटरीला छान असतात, पण तेही एआरएमच, टोकनची तीच कटकट. मशीन एस मोडमध्ये, म्हणजे फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलीच सॉफ्टवेअर घेणाऱ्या विंडोजसह आलं, तर टॅली बसणार नाही. तो मोड फुकट काढता येतो, पण दुकानातच काढून घ्या. ऑफिस बरोबर येणार म्हणतात, तर ते पक्क्या बिलावर लिहून घ्या. आणि थोडे पैसे घालून घरी येऊन दुरुस्त करणारी वॉरंटी वाढवता आली तर जरूर वाढवा. १८ तारखेला मदरबोर्ड गेला आणि लॅपटॉप आठवडाभर सर्व्हिस सेंटरला पडून राहिला, तर तो ५८ चा होता की ९२ चा याला काही अर्थ उरत नाही.

भावाचा सल्ला मात्र वाया घालवू नका, फक्त जुना लॅपटॉप वापरणारा माणूस बदला. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वैयक्तिक वापरासाठी पुढे वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षा अपडेटची सोय मायक्रोसॉफ्टनं ठेवली, पण ती मुदतवाढच. सातव्या पिढीचा तुमचा आय-थ्री विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. त्यावर क्लायंटचं काम करत राहणं बरोबर नाही. पण बीसीएच्या पोराला सी, पायथन, डेटाबेस शिकायला तोच लॅपटॉप लिनक्सवर मजेत चालेल. २०१७चा आहे म्हणजे आत बहुतेक फिरती हार्ड डिस्क असणार आणि रखडण्याचं खरं कारण तीच. ती काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. हल्ली रॅम आणि एसएसडीचे भाव चढलेत, दोन दुकानांत विचारून घ्या. लिनक्सचं मिंट किंवा उबुंटू टाका, दोन्ही फुकट; मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. मुलाला सांगा की जगातले बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, तेव्हा टर्मिनलशी, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीशी, दोस्ती पहिल्या वर्षीच झालेली बरी. कॉलेजच्या एखाद्या ऑनलाइन परीक्षेला विंडोज लागलंच, तर तेवढ्यापुरता तुमचा, तोही त्याचं वेगळं खातं उघडून. पुढे त्याला खरंच आयफोनची अ‍ॅप बनवायची झाली तर मॅकला पर्याय नाही, कारण अ‍ॅपलचं एक्सकोड मॅकवरच चालतं. तेव्हा विद्यार्थी सवलत विचारून घेऊ. आत्ता नाही.

७० मधून ५८ गेले, उरले १२. त्यातून वॉरंटी, एसएसडी आणि बॅकअपसाठी एक बाहेरची डिस्क. जे राहील ते एफडीच्या जोडीला. सुटलेल्या आरडीच्या जागी दोन नव्या सुरू करा: एक महिना हजाराची, फक्त पुढच्या लॅपटॉपसाठी, पाच वर्षांत ६० हजार आणि वरचं व्याज, दुसरी जमेल तेवढ्याची, एफडी निदान चार महिन्यांच्या घरखर्चापर्यंत, म्हणजे १ लाख ४० हजारांपर्यंत नेण्यासाठी.

आणि घाई करू नका असं एकाच बाबतीत सांगतो. मुलगा उत्साहात त्याच रात्री जुन्या लॅपटॉपची डिस्क काढायला बसेल. त्याआधी इंटरनेट सुरू ठेवून जुन्या मशीनवरून टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, म्हणजे तिथून सोडवून घ्या, सगळ्या कंपन्यांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, नव्या मशीनवर लायसन्स चालू करून एकदोन कंपन्या उघडून बघा, टोकननं एक सही करून बघा. मगच जुना त्याच्या हातात द्या.